भाडेकरार संपत आलाय: घर ठेवायचं की सोडायचं?

मी पुण्यात भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देते. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जायचं, घरमालकाचा आणि भाडेकरूचा फोटो काढायचा, थंब घ्यायचा, कागद दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाकडे ऑनलाइन पाठवायचा, हे माझं रोजचं काम. स्वतः कर्वेनगरला भाड्यानेच राहते. त्यामुळे सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसलेल्या माणसांच्या मनात काय चाललंय हे मला बऱ्यापैकी कळतं. थंब द्यायच्या आधी घरमालक स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बघत असतो आणि भाडेकरू त्याच्या चेहऱ्याकडे.

इतकी घरं बघून माझं एक मत पक्कं झालंय. लोक भाडेवाढीच्या आकड्यावर अडून बसतात, आणि निर्णय घेतात तो करार संपायला दहा-पंधरा दिवस उरल्यावर. तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं. घरमालक म्हणेल ते भाडं द्यायचं, नाहीतर एजंट दाखवेल ते घर घ्यायचं. दोन्ही गोष्टी मनाविरुद्ध होतात. म्हणून माझं पहिलं सांगणं असतं: करार संपायच्या अडीच महिने आधी या विषयाला हात घाला. त्यातले पंधरा दिवस घरातल्या घरात हिशेब, पुढचे पंधरा दिवस घरमालकाशी बोलणं, आणि लागलंच तर घर शोधायला उरलेला दीड महिना.

आधी तारीख बघा

करार बाहेर काढा आणि तीन गोष्टी वाचा: मुदत कुठल्या तारखेला संपते, लॉक-इन (म्हणजे सुरुवातीचा जो काळ करार मोडता येत नाही तो) किती आहे, नोटीस किती दिवसांची आहे. "आमचा जूनमध्ये संपतो" असं सांगणाऱ्या कितीतरी जणांच्या कागदावर मे महिन्याची तारीख निघते, कारण करार सुरू झाला एका तारखेला आणि राहायला गेले दुसऱ्या तारखेला.

ही तारीख एवढी महत्त्वाची का, तर आपल्याकडचा नेहमीचा करार हा लिव्ह अँड लायसन्सचा असतो. त्यात घरमालक तुम्हाला ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी देतो. मुदत संपली की परवानगी संपली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधल्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर जागा सोडली नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि त्या जादा काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. "राहू या महिना-दोन महिने असंच, मग बघू" हे वाक्य चांगल्या ओळखीतल्या माणसांमध्येही मला आवडत नाही ते यासाठी.

दुसरी बाजू घरमालकांनी ऐकावी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज अजून जात नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून अकरा महिन्यांची रीत पडली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ आहे. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी "यंदा नुसतं नोटरी करू, खर्च वाचेल" असं कोणी सुचवलं तर दोघांनीही नाही म्हणावं.

भाडेवाढ आणि घर बदलण्याचा खरा खर्च

कोथरूडमधलं एक कुटुंब. नवरा-बायको, सहावीतला मुलगा, दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं २४,०००. करार संपताना घरमालक काकांनी २७,००० मागितले. ताई फोनवर चिडूनच बोलल्या, "तीन हजार? आम्ही सोडतोय. वारज्यात २४,५०० ला असाच फ्लॅट मिळतोय." मी म्हटलं, सोडा, पण आधी कागदावर मांडू या.

काकांचं घर आणि वारज्याचं घर यात महिन्याला अडीच हजारांचा फरक. अकरा महिन्यांचे झाले २७,५००. आता घर बदलण्याचा खर्च. एजंटचं एक महिन्याचं भाडं, २४,५००. टेम्पो आणि माणसं, ९,०००. एसी काढून दुसरीकडे बसवायचे ३,०००. दोन्ही घरांचं भाडं एकाच वेळी चालू असे दहा दिवस तरी जातात, त्याचे ८,०००. जुन्या करारात रंगकामाचे १०,००० डिपॉझिटमधून कापायची अट होती, ते गेले. बेरीज ५४,५००. ॲग्रीमेंटचा खर्च दोन्हीकडे येणार म्हणून तो धरलाच नाही. दर महिन्याला अडीच हजार वाचवून हे साडेचोपन्न हजार भरून निघायला जवळजवळ बावीस महिने लागले असते. आणि वारज्याचा मालक अकरा महिन्यांनी भाडं वाढवणार नव्हता असं थोडंच आहे!

ताई गप्प झाल्या. मग त्यांनी हाच कागद काकांसमोर ठेवायचं ठरवलं, फक्त उलट बाजूने. त्याची गोष्ट पुढे सांगते.

तुमचा हिशेब करताना काही खर्च हमखास विसरले जातात. नव्या सोसायटीचे शिफ्टिंगचे पैसे. पडदे, कारण खिडक्यांची मापं कधीच जुळत नाहीत. वायफायचं शिफ्टिंग. पाइप गॅस होता आणि नव्या घरी नसेल तर सिलेंडर-शेगडीची जुळवाजुळव. मुलाच्या स्कूल व्हॅनचा बदललेला दर. घरकामाच्या मावशी नव्या, त्यांचे दरही नवे. आणि डिपॉझिट: जुनं परत मिळायच्या आधी नवं भरावं लागतं, म्हणजे काही दिवस दोन डिपॉझिटं एवढी रक्कम हाताशी हवी. पगारदार माणसाची खरी ओढाताण इथे होते.

आणखी एक. भाड्याचा आकडा ऐकताना मेंटेनन्स धरून की सोडून, हे विचारल्याशिवाय तुलना करूच नका. २५,००० "सगळं धरून" आणि २३,५०० "अधिक मेंटेनन्स" यात स्वस्त कुठलं हे मेंटेनन्सच्या बिलाशिवाय सांगता येत नाही. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. ते मालकाने भरायचे. हळूच तुमच्या अंगावर आले असतील तर नव्या करारात ते स्पष्ट लिहून घ्या.

आकड्यांच्या पलीकडे

आकडे राहायला सांगत असले तरी सोडावं अशी घरं असतात. मी तीन गोष्टींना फार किंमत देते.

पाणी ही पहिली. बाणेर-बालेवाडीकडे, वाघोलीकडे, अशा बऱ्याच सोसायट्या आहेत जिथे उन्हाळ्यात टँकर ठरलेला. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये वाढून येतो तो वेगळा, पण रोज सकाळी साडेसात वाजता नळाचा सूं सूं आवाज ऐकून दिवस सुरू करणं, बादल्या भरून ठेवणं, पाहुणे आले की मनात आधी पाण्याचा विचार येणं, हे वर्षभर सोसलं असेल तर दुसऱ्या वर्षासाठी सही करू नका. मालक बिचारा यात काही करू शकत नाही.

ओल ही दुसरी. जुलैमध्ये बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला लावलेलं कपाट एकदा पुढे ओढून बघा. मागे रंगाला फुगे आलेत का, पोपडे सुटलेत का, कपाटाच्या पाठीवर काळे ठिपके आहेत का, कपड्यांना कुबट वास येतो का. बाळ किंवा दम्याचं माणूस घरात असेल तर हे आधी बघा. ओल वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर दुरुस्ती शक्य असते, पण त्यासाठी वरचे, मालक आणि सोसायटी तिघांना एका ठिकाणी बसवावं लागतं. टेरेसमधून येत असेल तर सोसायटीची सभा, कोटेशन, वर्गणी. तुम्ही गेल्या पावसाळ्यात कळवलं होतं आणि पुढचा पावसाळा आला तरी काही हललं नसेल, तर उत्तर तुमच्यासमोरच आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ, आणि तो घरातल्या प्रत्येकाचा मोजायचा. गेल्या वेळी घर घेतलं तेव्हा ऑफिस शिवाजीनगरला होतं, आता कल्याणीनगरला आहे. मुलगी शाळेतून कॉलेजात गेली. आई आता जिने चढू शकत नाहीत. मार्च २०२४ मध्ये वनाज ते रामवाडी मेट्रो पूर्ण धावायला लागल्यावर आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉपच्या आसपास चालत जाण्याच्या अंतरावर घर असणं ही मोठी सोय झाली. तिथे महिन्याला दोन हजार जास्त देऊन दोघांचं पेट्रोल आणि रोजचा तास-दीड तास वाचत असेल तर ती भाडेवाढ म्हणू नये.

शेजार, सूर्यप्रकाश, गच्ची, वाण्याचं दुकान, हे ज्याचं त्याने बघावं. मात्र ज्यांना घर मिळवणंच अवघड जातं त्यांच्यासाठी हा सगळा हिशेब वेगळा आहे, हे मी दर वर्षी बघते. एकटी राहणारी मुलगी, घटस्फोटित बाई, नोकरी करणारी चार मुलं, मुस्लिम कुटुंब, मांसाहार करणारं कुटुंब, निवृत्त एकटे गृहस्थ. यांना फोनवर "घर रिकामं आहे" असं सांगणारे दारात गेल्यावर "आत्ताच दिलं" म्हणतात. मला याचा मनापासून संताप येतो. तुम्ही यांपैकी कोणी असाल आणि आत्ताचा मालक माणुसकीने वागत असेल, तर भाडेवाढ थोडी जास्त वाटली तरी घाईने सोडू नका, आणि सोडणारच असाल तर शोधायला दीड नव्हे, अडीच-तीन महिने धरा.

मालकाच्या मनात काय आहे

तुम्ही राहायचं ठरवाल, पण त्याला घर विकायचं असेल तर? हा प्रश्न भाडेकरू विचारत नाहीत, संकोच वाटतो. विचारलाच पाहिजे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे, परवानगी देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला दिली की नवा मालक त्या परवानगीने बांधलेला नसतो. म्हणजे तुम्ही चोवीस महिन्यांचा करार करून निवांत बसलात आणि चौथ्या महिन्यात फ्लॅट विकला गेला, तर नवा मालक तुम्हाला ठेवेलच असं नाही. खुणा आधी दिसतात. "बहिणीला घर दाखवायचंय" म्हणून दोनदा अनोळखी माणसं येऊन गेली, कोणीतरी खोल्यांची मापं घेतली, बँकेचा माणूस फोटो काढून गेला.

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, प्रभात रोड या भागांत तर रीडेव्हलपमेंट हा रोजचा शब्द झालाय. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीन मजली इमारती एकामागून एक पडताहेत. त्यात मालकाला बिल्डरकडून पर्यायी जागेचं भाडं मिळतं, लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला काहीही मिळत नाही. आणि ज्या मालकांच्या इमारती पडल्या तेही त्याच भागात भाड्याचं घर शोधायला बाहेर पडतात, म्हणून त्या भागातली भाडी चढतात. तुमच्या इमारतीच्या नोटीस बोर्डावर विशेष सर्वसाधारण सभेचा कागद लागला असेल तर तो थांबून वाचा. विषयात 'पुनर्विकास' किंवा विकसक नेमण्याचा उल्लेख असला तर मालकाशी बोलताना तोच प्रश्न आधी काढा.

परदेशात राहणाऱ्या मालकाचं घर असेल तर आणखी एक पान बघा. तो करासाठी अनिवासी असेल तर भाडं कितीही असलं तरी टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी तुमची असते. निवासी मालकाच्या बाबतीत महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तरच ती येते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तो दर दोन टक्के आहे. एचआरएची, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्याची करसवलत घेत असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर ऑफिस मालकाचा पॅन मागतं. पॅन द्यायला वर्षभर टाळाटाळ करणारा मालक पुढच्या वर्षी आपणहून देईल अशी आशा ठेवू नका. नव्या करारात पॅन लिहिणार नसेल तर तुमचा कर वाढतो, आणि तो वाढलेला कर भाड्यात धरूनच तुलना करा.

बोलायचं कसं

फोनवर भाडं ठरवू नका. शक्य असेल तर काका-काकूंना चहाला बोलवा, किंवा तुम्ही जा. घरमालकाला तीन गोष्टींची धास्ती असते: घर रिकामं पडणं, नवा माणूस कसा निघेल, आणि घराची नासधूस. तुम्ही या तिन्हींचं उत्तर आहात, फक्त ते त्यांना आठवून द्यावं लागतं.

कोथरूडच्या ताईंनी असंच केलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "काका, आम्ही अकरा महिने भाडं कधी पाच तारखेच्या पुढे जाऊ दिलं नाही. आम्ही गेलो तर घराला रंग द्यावा लागेल, एजंटला पैसे द्यावे लागतील, आणि नवीन माणूस मिळेपर्यंत एखादा महिना घर बंद राहील. तो एकच महिना म्हणजे चोवीस हजार. आम्ही २५,५०० देतो आणि दोन वर्षांचा करार करतो. तुम्ही फक्त गिझर बदला आणि मागच्या बाल्कनीला जाळी लावून द्या." काकांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "मुलगा लहान आहे त्यांचा, जाळी आपणच लावायला हवी होती." २५,५०० वर ठरलं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. ताईंनी भाड्यासोबत वस्तू मागितल्या. पाचशे रुपये कमी करणं मालकाला जड जातं, पण स्वतःच्याच घरात राहणारी गोष्ट करून देणं जड जात नाही. जाळी, गिझर, एक्झॉस्ट फॅन, स्वयंपाकघरातला गळका नळ, दाराचं लॉक. आणि हे करारात लिहून घ्या, तारखेसह. "हो, करून देतो" याचा अर्थ कुठल्या महिन्यात हे कधीच कळत नाही.

बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर चार ओळी टाका: "काका, आज ठरल्याप्रमाणे भाडं २५,५००, मुदत अमुक ते अमुक, गिझर आणि जाळी करार सुरू व्हायच्या आधी. बरोबर ना?" त्यांचं "हो" आलं की काम झालं. उद्धटपणा वाटेल म्हणून लोक हे टाळतात. मोठ्या माणसांना उलट बरं वाटतं, कारण त्यांनाही आकडे लक्षात ठेवायचे असतात.

बोलण्यात एक लाल कंदील ओळखा. मालक दर वेळी नवीन कारण काढत असेल, डिपॉझिटही वाढवायचं म्हणत असेल, आणि जुन्या दुरुस्तीबद्दल विचारलं की "तुम्हाला परवडत नसेल तर बघा" म्हणत असेल, तर भाडं कमी करून मिळालं तरी त्या घरात तुमचं वर्ष सुखाचं जाणार नाही. तिथे हिशेबाचा कागद बाजूला ठेवा.

एजंटने नूतनीकरणालाही अर्ध्या महिन्याचं भाडं मागितलं तर आधी विचारा की तो यात काय करणार आहे. तुम्ही आणि मालकच बोलून ठरवत असाल तर हे पैसे कशाचे, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

नवं घर बघताना

शनिवारी दुपारी, एजंटच्या गाडीत बसून, पाच घरं पंधरा-पंधरा मिनिटांत बघू नका. आवडलेल्या घरापाशी दोनदा जा, एकदा सकाळी आठला आणि एकदा रात्री. सकाळी पाणी आणि पार्किंग कळतं, रात्री आवाज आणि दिवे. एजंटला विचारायचे प्रश्न वॉचमन काकांना आणि जिना झाडणाऱ्या मावशींना विचारा: पाणी किती वेळ येतं, लिफ्ट बंद पडते का, आधीचे लोक का गेले. मावशी खरं सांगतात. नळ सोडून बघा, फ्लश ओढा, सगळी बटणं दाबा, खिडक्या पूर्ण उघडून बंद करा.

आणि सोसायटीने भाडेकरूंसाठी काय नियम केलेत ते लेखी बघा. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, सभासदाला घर भाड्याने द्यायला सोसायटीची आगाऊ परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवावं लागतं. पण प्रत्यक्षात कमिटी काय अटी घालते हे आधी कळलेलं बरं, टेम्पो गेटवर उभा असताना नको.

राहायचं ठरलं तर

दर अकरा महिन्यांनी नवा करार करायची सक्ती कोणी केलेली नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि ते एकूण भाड्यावर अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेल्या व्याजावर काढतात. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. भाडं २२,००० आणि डिपॉझिट ७०,००० असेल तर अकरा महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क सहाशेच्या थोडं वर येतं. म्हणजे सरकारी खर्च फार नाही, खरा खर्च दर वेळच्या धावपळीचा आणि नव्या घासाघिशीचा आहे. माझं काम कमी होईल तरी सांगते: मालक चांगला, घर चांगलं आणि विकायचा विचार नाही अशी खात्री असेल तर चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार करा. दुसऱ्या वर्षाचं भाडं आत्ताच आकड्यात लिहा. "परस्पर संमतीने वाढ" असं मोघम लिहू नका, पाच टक्के असेल तर त्याचे रुपये करून लिहा. लॉक-इन तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त नको, त्यानंतर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस.

मसुदा थंब देण्याआधी स्वतः वाचा. मी लॅपटॉप फिरवून लोकांपुढे धरते, आणि दहातले आठ जण "तुम्ही केलंय ना, ठीकच असेल" म्हणतात. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, डिपॉझिटचा आकडा बरोबर आहे का, रंगकामाची कपात किती, हे तरी बघा. मंजुरी मिळाली की नोंदवलेल्या कराराची आणि इंडेक्स टूची (नोंदणीच्या सारांशाच्या उताऱ्याची) प्रत डाउनलोड करून ठेवा. बँक, पासपोर्ट, शाळा सगळीकडे तीच लागते. पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती जुन्या मुदतीची असेल तर मालकाला नवीन मुदतीसह भरायला सांगा.

सोडायचं ठरलं तर

लेखी कळवा, तारीख लिहून, आणि त्यातच डिपॉझिट कधी आणि कसं परत मिळणार ते विचारा. मे-जूनमध्ये सोडत असाल तर टेम्पो लवकर ठरवा, त्या दिवसांत चांगली माणसं मिळत नाहीत, आणि पहिल्या पावसाच्या आत सामान हललेलं बरं. गाद्या आणि पुस्तकं भिजली की ती गेलीच.

सामान निघाल्यावर रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. दारापासून सुरुवात, प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, नळ चालू करून, पंखे-दिवे लावून, बाथरूमच्या फरशा, ओट्याखालची कपाटं उघडून. राहायला आलात तेव्हाचे फोटो असतील तर ते शेजारी ठेवा. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो घ्या आणि त्या दिवसापर्यंतचं बिल भरून टाका, पाइप गॅसचंही. मेंटेनन्स तुमच्याकडे असेल तर सोसायटीकडून थकबाकी नाही असं लिहून घ्या.

भिंतीवरचे खिळे, थोडा मळलेला रंग, ओट्यावरचे साधे डाग ही राहण्याची झीज आहे. फुटलेलं बेसिन, तुटलेलं दार, कुत्र्याने कुरतडलेली चौकट हे नुकसान आहे. झिजेचे पैसे द्यायचे नाहीत, करारात रंगकामाची रक्कम लिहिली असेल तर तेवढीच. नुकसान असेल तर आधीच प्लंबर-सुतार बोलावून स्वतः करून घ्या, मालकाच्या माणसाच्या अंदाजापेक्षा ते नेहमी स्वस्त पडतं.

किल्ल्या आणि डिपॉझिट एकाच बैठकीत. हे करारातच लिहिलेलं असावं, नसेल तर महिनाभर आधी ठरवा. मालक म्हणाला "किल्ल्या वॉचमनकडे ठेवा, पैसे पुढच्या आठवड्यात टाकतो" तर नम्रपणे सांगा, "काका, तुम्हाला सोयीचा दिवस सांगा, मी स्वतः किल्ल्या घेऊन येते." कापायच्या रकमेचा हिशेब कागदावर मागा, उरलेली रक्कम खात्यात आल्याचा मेसेज फोनवर दिसू द्या, मग एका साध्या कागदावर ताबा पावती लिहा: अमुक तारखेला फ्लॅटचा ताबा आणि इतक्या किल्ल्या दिल्या, डिपॉझिटचा हिशेब पूर्ण झाला. दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. करार मुदतीच्या आधी मोडून जात असाल तर त्या पावतीवर करार परस्पर संमतीने संपवल्याची ओळही टाका, म्हणजे मालकाला दुसऱ्या भाडेकरूचा करार नोंदवताना आणि तुम्हाला नव्या घराचा पत्ता लावताना जुनी तारीख आडवी येणार नाही.